उपकेंद्रात नव्याने रुजू झालात? बीपी, शुगर आणि मनाच्या आजारांसाठीची नवी मार्गदर्शक तत्त्वं खान्देशात अशी वापरा

धडगावच्या डोंगरातलं उपकेंद्र असो, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं असो की साक्रीच्या माळावरचं, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. एएनएम ताई, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नवे आलेले डॉक्टर यांनाही तो उपयोगी पडेल.

प्रशिक्षणात प्रत्येक आजाराचा तक्ता वेगळा मिळतो. बीपीचा एक, शुगरचा दुसरा, डिप्रेशनचा तिसरा. तुमच्या टेबलासमोर बसणाऱ्या बाबांना मात्र बीपी आहे, शुगर आहे, कापसाला भाव मिळाला नाही म्हणून झोप उडालेली आहे, संध्याकाळी थोडी घेतल्याशिवाय चैन पडत नाही आणि दिवाळी झाली की ते मुलाबरोबर ऊसतोडीला जाणार आहेत. माझ्या मते मार्गदर्शक तत्त्वांचा कस लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीला. पेशंट परत आला तरच पुढचं सगळं. आणि तो परत येईल की नाही, हे फार वेळा त्याच्या मनाच्या अवस्थेवर ठरतं. म्हणून शरीर आणि मन एकाच बैठकीत पाहायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

पहिली पायरी: कोणता कागद मानायचा ते ठरवा

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी 'गाईडलाईन' येते आणि नवखा माणूस गोंधळतो. आधी क्रम लावून घ्या. तुमच्यासाठी पहिला कागद म्हणजे राज्याने दिलेला उपचार प्रोटोकॉल. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, २०२३ मध्ये त्याचं नाव आणि आवाका बदलला, आता सगळे त्याला एनपी-एनसीडी म्हणतात. त्यातली औषधं तुमच्या साठ्यात येतात, त्यामुळे चालायचं त्याच वाटेने. दुसरा कागद आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो. २०१९ पासून निघालेले हे एकेका पानाचे तक्ते आहेत, कधी पुढे पाठवायचं हे त्यात ठळक दिलेलं असतं. प्रिंट काढून भिंतीवर लावा.

तिसऱ्या क्रमांकावर जागतिक कागद. जागतिक आरोग्य संघटनेचं बीपीच्या औषधोपचाराबद्दलचं मार्गदर्शन २०२१ चं आहे. मनाच्या आजारांसाठी साध्या दवाखान्यात काय करावं हे सांगणारं त्यांचं एमएचगॅप मार्गदर्शन नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्याने आलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन दर जानेवारीत मधुमेहाची मानकं सुधारते. दम्याचं जीना आणि सीओपीडीचं (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं) गोल्ड ही जागतिक मार्गदर्शनंही दरवर्षी बदलतात. बीपीबद्दल युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४ मध्ये आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवे कागद काढले.

आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. अमेरिकेत १३०/८० पासून उच्च रक्तदाब धरतात. युरोपात अजूनही १४०/९० हीच रेघ आहे, फक्त त्याखाली १२०/७० पासून 'वाढलेला रक्तदाब' असा एक नवा टप्पा त्यांनी आखला. आपल्याकडे निदानाची आणि औषध सुरू करण्याची रेघ १४०/९०. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर जागतिक आरोग्य संघटना वरचा आकडा १३० च्या पुढे गेला की औषध द्यायला सांगते. मोबाईलवर १३०/८० वाचून कुणी घाबरून आलं, तर त्याला हसून परत पाठवू नका. मीठ, तंबाखू, वजन आणि चालणं यांवर बोला आणि पुढच्या तपासणीची तारीख द्या.

कुठलीही शिफारस वाचताना तीन गोष्टी पाहा: ती कोणत्या वर्षाची आहे, कोणत्या पेशंटसाठी आहे, आणि 'ठाम' आहे की 'परिस्थिती पाहून'. गरोदर बाई, लहान मूल, किडनीचा पेशंट यांना सरसकट शिफारशी बहुतेक वेळा लागू पडत नाहीत. ही ओळ वाचायची राहते आणि चूक तिथेच होते.

दुसरी पायरी: गाव माहीत करून घ्या

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका गुणांत मोजणारा फॉर्म, आशाताई भरतात. गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलवायचं. पण गुण कमी आले म्हणजे बीपी नाही, असा अर्थ होत नाही. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचीच तपासणी व्हायला हवी, गुण फक्त रांग लावायला आहेत.

बाया भेटतात, पुरुष भेटत नाहीत, ही तक्रार सगळीकडे आहे. सकाळी दहा ते पाच उपकेंद्रात बसून ते भेटणारही नाहीत. केळीची कटाई करणारी टोळी पहाटेच निघते. जिनिंगमध्ये पाळी सुटायची वेळ असते. आठवडे बाजाराच्या दिवशी मीटर घेऊन बाजारात बसा. सातपुड्यात होळीआधीचे भोंगऱ्या बाजार चुकवू नका. बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवसांत घरी परततात आणि एका जागी भेटतात. गर्दीत घेतलेल्या बीपीवर निदान मात्र करायचं नाही. आकडा जास्त आला की चिठ्ठी द्यायची आणि शांत जागी पुन्हा मोजायचं.

तिसरी पायरी: बीपी नीट मोजा

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. चुकीच्या मोजमापावर दिलेली गोळी माणूस वर्षानुवर्षं खातो.

पेशंटला खुर्चीवर पाच मिनिटं नुसतं बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू झालेली नसावी. लघवीला जाऊन यायला सांगा. दंड उघडा हवा. लुगड्याच्या पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते, त्यापेक्षा दुसरा हात पाहा किंवा पडद्याआड बाही सैल करायला सांगा. कफ दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो.

हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकलेला हवा. ही बारीक गोष्ट वाटते, पण २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त आला आणि बाजूला लोंबकळत ठेवला तर सुमारे साडेसहाने. १३८ चे १४४ व्हायला एवढं पुरतं. उपकेंद्रात टेबल नसेल तर मांडीवर दोन उशा किंवा घडी केलेली चादर ठेवा, हात त्यावर टेकवा.

मोजताना पेशंट बोलणार नाही आणि तुम्हीही बोलणार नाही. आपल्याकडे माणसं बोलकी. "पोरगा कुठे आहे, पाऊस झाला का" हे सगळं कफ सुटल्यावर. दोन वाचनं घ्या, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, सरासरी लिहा. आणि १४०/९० असा गोल आकडा सवयीने लिहू नका. मशीनने १४३/८७ दाखवलं तर तेच लिहायचं.

एका दिवसाच्या आकड्यावर निदान नको. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. मात्र १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांतलं काही असेल तर १०८ लावा.

चौथी पायरी: औषध चालू होणं आणि चालू राहणं

गोळी लिहून देणं वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम आहे, ती चालू ठेवणं तुमचं. सरकारी प्रोटोकॉलमध्ये ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही औषधं पायरीपायरीने येतात. सुरुवातीला दर महिन्याला बोलवायचं. आकडा ताब्यात आला नाही तर प्रोटोकॉलची पुढची पायरी घ्यायला डॉक्टरांना फोन करायचा, "अजून एक महिना बघू" म्हणत वर्ष काढायचं नाही. नव्या मार्गदर्शनाचा सगळ्यात मोठा भर यावरच आहे. बहुतेकांसाठी लक्ष्य १४०/९० च्या आत, आणि हृदयविकार, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्यांसाठी वरचा आकडा १३० च्या आत.

गोळी का सुटते ते विचारून घ्या. "आता बरं वाटतं" हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे "एकदा चालू केली की आयुष्यभर लागते". तिसरं, ॲम्लोडिपीनने घोट्याला सूज आली आणि किडनी खराब झाली असं शेजारणीने सांगितलं. तिन्हींची उत्तरं पहिल्याच भेटीत देऊन टाका. ही सूज किडनीची नाही, गोळीची आहे आणि गोळी बदलता येते, एवढं एक वाक्य आधी सांगितलं असेल तर पेशंट गोळी फेकून देण्याऐवजी तुमच्याकडे येतो. मात्र चेहऱ्यावरही सूज असेल, दम लागत असेल किंवा लघवी कमी होत असेल तर ती गोळीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

मिठाचं बोलताना खान्देशातलं ताट डोळ्यांसमोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आपल्याकडे मीठ भाजीपेक्षा शेव, पापड, बिबडे, कुरडया, लोणचं आणि ठेच्यातून जास्त जातं. कळण्याच्या पिठात तर ते दळतानाच घालतात. म्हणून "भाजीत मीठ कमी घाला" एवढ्याने काही होत नाही. उन्हाळ्यात घरातली बाई वर्षाचे पापड-बिबडे करते, मीठ कमी करायचं असेल तर ते तेव्हाच सांगावं लागतं. शेवभाजी महिन्यातून कधीतरी खा, रोजच्या भाकरीवर शेव नको, असं थेट सांगा. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली आहे, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा पेशंट, गरोदर बाई आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

पाचवी पायरी: शुगर, आणि सातपुड्यात एक मोठी खबरदारी

निदानाचे आकडे पाठ हवेत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.५ किंवा जास्त. लक्षणं असतील तर कधीही घेतलेली २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करायची. बोटातल्या थेंबावर मीटरने आलेला आकडा चाळणीसाठी, निदान प्रयोगशाळेतल्या तपासणीवर.

आता खबरदारी. नंदुरबार जिल्हा, धुळ्यातला साक्री-शिरपूरचा पश्चिम-उत्तर भाग आणि जळगावच्या चोपडा-यावल-रावेरचे सातपुड्यातले पाडे इथे भिल्ल, पावरा, मावची आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या पेशंटची त्याच्या बरीच आधी मरते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. पेशंटची शुगर ३०० आणि कागदावर एचबीए१सी ६ असं होऊ शकतं. म्हणून या भागात एचबीए१सीचा कागद हातात घेण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहा. एसएस म्हणजे आजार असलेला असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर यांवरच चला. एएस म्हणजे वाहक असेल तर प्रयोगशाळेला तसं कळवा, कारण काही जुन्या पद्धतींमध्ये तिथेही गडबड होते. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशंट गरोदर असेल तरीही एचबीए१सीवर विसंबू नका. कमी लोहामुळे पंडुरोग असेल तर आकडा उलट वाढून येऊ शकतो.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे लक्ष्य ठेवलं गेलं. तपासणीची कार्डं त्यामुळे गावोगाव आहेत. ती पेटीत पडून राहतात. शुगरच्या पेशंटचं सिकलसेल कार्ड त्याच्या एनसीडी कार्डाला स्टेपल करून ठेवा.

उपचाराचं लक्ष्य बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आत. एकटी राहणारी, थकलेली सत्तरीची माय असेल तर ८ च्या आत पुरे. तिच्यासाठी शुगर फार खाली जाणं जास्त घातक. शुगर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

हे चैत्रात फार होतं. जळगाव, धुळे, नंदुरबारहून हजारो माणसं सप्तशृंगी गडावर पायी जातात. ऊन, उपास आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराईडची नेहमीची गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की माणूस रस्त्यात कोसळतो. निघायच्या आधी गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा, खिशात साखर ठेवायला सांगा. अनवाणी जायचा नवस असेल तर तळपायाची संवेदना तपासा. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक धागा) टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला कळत नसेल, तर तापलेल्या डांबरावर भाजलेलंही त्याला कळणार नाही. "देवीला चप्पल चालत नाही" म्हणणाऱ्या बाबांशी वाद घालू नका. घरातल्या कर्त्या बाईशी आणि गावातल्या जत्थ्याच्या म्होरक्याशी बोला. म्होरक्याने सांगितलं की ऐकतात.

उन्हाळ्याचं आणखी एक. भुसावळ-जळगावात पारा ४५ पर्यंत जातो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेली बाटली थंड जागी असेल तर साधारण चार आठवडे चालते. घरात फ्रीज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली, आणि माठ सावलीत. वाळू रोज ओली करायची. बाटलीत गाठी किंवा कण दिसले तर ती टाकून द्या. उलट्या-जुलाब लागले, खाणं-पिणं बंद झालं, तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी काही दिवस थांबवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल लोक विचारतील. हृदय आणि किडनी जपण्यासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं या गटातल्या गोळ्या पुढे आणतात. भारतात तिचं पेटंट २०२० मध्ये संपलं, त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, म्हणून आता स्वस्त जेनेरिक मिळतात. पेशंटला जवळचं जनऔषधी दुकान दाखवून ठेवा.

खाण्याबद्दल थोडक्यात: ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण ती मोजून. भरीत चालेल, त्यावरचं तेल कमी. केळीच्या पट्ट्यात "केळं बंद" सांगून कुणी ऐकत नाही. एक लहान केळं खाल्लं तर भाकरी अर्धी कमी, असा हिशेब द्या. आखाजीला आमरस आणि मांडे होणारच, त्या आठवड्यात पेशंटची शुगर न रागावता मोजा.

सहावी पायरी: मनाचं विचारा, त्याच खुर्चीवर

मधुमेह असलेल्यांमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा साधारण दुप्पट दिसतं. डिप्रेशन असेल तर गोळ्या सुटतात, चालणं सुटतं, शुगर वाढते. म्हणून बीपी आणि शुगर मोजून झाली की दोन प्रश्न विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश, हताश वाटतंय का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ हा डिप्रेशनचा फॉर्म भरा. तिथे दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे.

पण हे प्रश्न छापील मराठीत विचारले तर बहुतेक जण "नाही" म्हणतात. आपल्या माणसाला उदास वाटत नाही. त्याला "जीव घाबरस", "मन लागत नही", "झोप येत नही", "डोकं भणभण करस". अहिराणीत बोला. पावरी किंवा भिलोरी येत नसेल तर आशाताईंची मदत घ्या, पण पेशंटला विचारून, कारण आशाताई त्याच पाड्यावरच्या असतात. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला काही विचारू नका. "ताई, जरा वजन करायला आत या" एवढं पुरतं. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

नवव्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे जीव नकोसा वाटणं, शून्य सोडून काहीही आलं तर बाकी बेरीज बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: "आबा, जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार मनात घुसतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस हलका होतो. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही. घरातलं एक विश्वासाचं माणूस बोलावा, डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा. कापसाच्या पट्ट्यात घरोघर फवारणीचं औषध असतं. ते कुलपात ठेवायचं, किल्ली दुसऱ्याकडे, आणि जमलं तर घराबाहेर, हे सांगताना संकोच करू नका. जवळचं साधन लांब ठेवल्याने जीव वाचतात, जागतिक मार्गदर्शनातही ही शिफारस आहे. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. पोलिसांच्या भीतीने घरचे पेशंटला लपवतात, म्हणून हे त्यांना स्पष्ट सांगा. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. कागदावर लिहून देऊ नका, त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या आणि एकदा लावून दाखवा.

डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल तीन गोष्टी घरच्यांना सांगा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावर निदान सहा महिने गोळी सुरू ठेवायची असते. आणि ही सवयीची गोळी नव्हे. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची. डिप्रेशन किंवा चिंतारोगावर झोपेची गोळी हा उपचार नाही, हे नव्या एमएचगॅपमध्ये स्पष्ट आहे. तरी खेड्यापाड्यांत अल्प्राझोलामची पट्टी सहज दिसते. ती अचानक बंद करायची नाही, हळूहळू कमी करावी लागते, त्यासाठी डॉक्टरांकडे पाठवा.

गोळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे छोटी कामं ठरवून देणं. सकाळी मळ्यापर्यंत चालत जाणं, भजनाला बसणं, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलणं. पेशंटला निवडू द्या, पुढच्या भेटीत आठवणीने विचारा. अंगात आलंय, बाहेरचं झालंय म्हणून भगताकडे गेलेत, असं कळलं तर त्यावरून झिडकारू नका. गोळीही घ्या, एवढंच सांगा. भगताशी ओळख ठेवलीत तर तोच पेशंट तुमच्याकडे पाठवतो.

सातवी पायरी: दारू आणि तंबाखू

दारूसाठी 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. आठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका, वीस किंवा जास्त म्हणजे व्यसन जडलेलं असण्याची दाट शक्यता. मधल्या लोकांना पाच-दहा मिनिटांचं नीट बोलणंही उपयोगी पडतं. बीपीचा आकडा दाखवा, दारूने तो वाढतो हे सांगा, कमी करायचा मार्ग त्यालाच निवडू द्या. मोहाची घरची दारू औषधासारखी आहे असं डोंगरात मानतात. सणाला समाजात वाटी फिरते ती नाकारणं सोपं नाही, म्हणून 'रोज' आणि 'सणाला' यांत फरक करून बोला.

रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं मात्र कधीच सांगू नका. एकदम सोडल्यावर सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. आधी कधी फिट आली असेल, हात कापत असतील, तर दवाखान्यात दाखल करूनच सोडवायची. सोबत थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं. आषाढी किंवा श्रावण लागला म्हणून घरच्यांनी दारू बंद केली आणि दोन दिवसांनी माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर ती बाहेरची बाधा नसते, त्याला लगेच हलवायचं असतं. सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे, तंबाखूसाठी १८००-११-२३५६.

आठवी पायरी: दम आणि किडनी

दम्याला नुसता तात्पुरता आराम देणारा निळा इन्हेलर देणं २०१९ पासून जीनाने मागे टाकलं आहे. सूज कमी करणारं स्टेरॉईडचं औषध इन्हेलरमध्ये हवंच. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईला सीओपीडी असू शकतो, तिने कधी बिडी ओढलेली नसली तरी. इन्हेलर तुमच्यासमोर ओढायला लावा आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) वापरायला शिकवा. किडनीसाठी बीपी-शुगरच्या पेशंटचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या दुखीच्या गोळ्या रोज खाणारे किती आहेत, ते विचारून नोंदवा.

नववी पायरी: पंचांगाप्रमाणे काम आखा

नवापूर, अक्कलकुवा, तळोदा, साक्री इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत जातात. त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" म्हणणं फुकट आहे. दसऱ्यापासून यादी काढा: कोण जाणार, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या गावी. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दोन-तीन महिन्यांचं औषध द्या. कार्डावर गोळीचं नाव आणि डोस मोठ्या अक्षरात लिहा आणि कार्डाचा फोटो पेशंटच्या मोबाईलमध्ये काढून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच दाखवता येतो. मुकादमाचा नंबरही घ्या. सिकलसेल असलेला ऊसतोड कामगार असेल तर पाणी भरपूर पिणं, थंडीत अंगभर कपडे आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना, हे तीन मुद्दे त्याच्या बायकोलाही सांगा.

दहावी पायरी: पाठवायचं कुठे, मोजायचं काय

तुमच्या हाताबाहेरचं काम ठरलेल्या वाटेने जाऊ द्या. आधी ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालयातली एनसीडी क्लिनिक, आणि त्यापुढे जळगाव, धुळे, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. मानसोपचारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तालुक्याला कोणत्या वारी येते, ते विचारून भिंतीवर लिहून ठेवा. पेशंट पाठवला की चिठ्ठीवर तुमचा मोबाईल नंबर टाका आणि आठवड्याने त्याला स्वतः फोन करा. नुसत्या चिठ्ठीवर मानसोपचाराला जाणारे थोडे असतात, "मी बोलून ठेवलंय, बुधवारी जा" म्हटलं की जातात.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये किती तपासले ते विचारतात. तुम्ही स्वतःसाठी दुसरा हिशेब ठेवा. एका तिमाहीत नोंदवलेले सगळे बीपीचे पेशंट एका पानावर लिहा. पुढच्या तिमाहीत त्यांतले किती जण आले, किती जणांचा आकडा १४०/९० च्या आत आहे, किती आले पण आकडा जास्तच आहे, आणि किती आलेच नाहीत, असे रकाने करा. शुगर आणि मनाच्या आजारासाठीही अशीच पानं ठेवा. 'आलेच नाहीत' या रकान्यातली नावं लाल पेनाने काढा, एक प्रत आशाताईंना द्या आणि फोन लावायला सुरुवात करा. ज्यांचा फोन लागत नाही त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जा. जाताना मीटर, कफ आणि महिन्याच्या गोळ्या पिशवीत घ्या, म्हणजे तिथेच ओट्यावर बसून बीपी मोजता येतो, दोन प्रश्न विचारता येतात आणि सुटलेली गोळी त्याच दिवशी सुरू होते.